मिलिमीटरमधला दीपोत्सव

नोव्हेंबरात बर्गनला निघालोय असं सांगितलं की नॉर्वे माहीत असलेली माणसं क्षणभर गप्प होतात आणि मग विचारतात, "का?" माहीत नसलेली म्हणतात, "अय्या, म्हणजे तुम्हाला ते आकाशातले हिरवे दिवे दिसणार!" दोन्ही गटांचं समाधान करणं अवघड. बर्गन नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, साठाव्या अक्षांशाच्या जरासं वर. हिरवे दिवे बघायला लोक जातात ते ट्रोम्सो तिथूनही हजारावर किलोमीटर उत्तरेला. आणि समजा, एखाद्या रात्री ते दिवे वाट चुकून बर्गनवर आलेच, तरी खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. मध्ये ढग असतात.

आम्ही गेलो कारण लेक-जावई तिथे, नातू तिथे आणि नातवाच्या बालवाडीने बिस्किटांचं घर बांधलं होतं. ते घर एका मोठ्या बिस्किटांच्या गावात मांडलं जाणार होतं. शिवाय नोव्हेंबरच्या शेवटाकडच्या एका शनिवारी सगळं शहर तळ्याकाठी जमून दिवे लावतं, त्याला ल्यूसफेस्टन म्हणतात, तेही बघायचं होतं. लेक म्हणाली, "आई, दिवाळी करा आणि निघा. इथे दुसरी दिवाळी मिळेल." पावसाबद्दल ती काही बोलली नाही. पोटची पोर असून बोलली नाही.

आमच्या ह्यांना मात्र नॉर्वेला जायला निमित्त लागत नव्हतं. हे कोयना प्रकल्पातून निवृत्त झाले. आमचा निम्मा संसार अलोऱ्याच्या कॉलनीत झाला आणि त्या संसारात नॉर्वेचं नाव उठताबसता निघायचं. १९९९ साली कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या पोटाखाली बोगदा नेला आणि शेवटचा खडक पाण्याखालीच सुरुंगाने उडवला. धरण रिकामं न करता पाणी बोगद्यात घेतलं. ते लेक टॅपिंगचं तंत्र नॉर्वेचं. २०१२ साली पुन्हा एकदा तेच झालं. तेव्हापासून आमच्याकडे कुणी पाहुण्याने जपानचं किंवा जर्मनीचं कौतुक सुरू केलं की हे चहाचा घोट घेऊन शांतपणे म्हणायचे, "तळ्याला खालून भोक पाडून दाखवा म्हणावं." पाहुणे चहा संपवून उठायचे.

तर असा माणूस बरोबर घेऊन मी दिव्यांचा उत्सव बघायला निघाले.

बर्गनमध्ये त्या दिवसांत सूर्य सव्वानऊच्या सुमाराला उगवतो आणि पावणेचारच्या आधीच मावळतो. उगवतो हे पंचांगापुरतं. प्रत्यक्षात भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून आठ-नऊ अंशच वर येतो, आणि शहराच्या चारी बाजूंना डोंगर. डोंगराआडून तो कामावर आहे की रजेवर, हे आभाळाच्या रंगावरून ओळखायचं. माझी पंचाईत वेगळीच झाली. तिन्हीसांजेला झोपू नये, केस विंचरू नयेत, दळू-कांडू नये, दारात उभं राहू नये, हे आयुष्यभर पाळलेलं. आता तिन्हीसांज दुपारी तीनला सुरू होणार आणि रात्री झोपेपर्यंत तशीच राहणार म्हटल्यावर बाईने कामं करायची कधी? पहिल्या दिवशी साडेतीनला मी देवापुढे दिवा लावला तेव्हा लेक म्हणाली, "आई, अगं त्याची बालवाडीसुद्धा सुटली नाहीये अजून."

दिव्याचं एक वेळ जमलं, उदबत्तीचं जमेना. तिकडे प्रत्येक घरात धुराचा भोंगा सक्तीचा. सायकल छाप उदबत्तीचं तिसरं वलय छताला पोचायच्या आत तो असा काही किंचाळला की नातू आनंदाने नाचायला लागला, जावई स्टुलावर चढला आणि वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात येऊन उभी राहिली. तिला लेकीने काय सांगितलं कोण जाणे, पण नंतर जिन्यात भेटली की ती माझ्याकडे जरा आदराने बघायची.

आणि पाऊस. पावसाबद्दल आमच्या घरात मत द्यायचा अधिकार एकट्या ह्यांचा. बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईतही साधारण तेवढाच पडतो. फक्त मुंबई तो जून ते सप्टेंबरात उरकून टाकते आणि बर्गन बारा महिने पुरवून पुरवून वापरतं. वर्षातले दोनशेच्या वर दिवस पावसाचे. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २००७ च्या जानेवारीपर्यंत तिथे सलग ८५ दिवस पाऊस पडला होता आणि हा विक्रम बर्गनची माणसं घरातल्या मुलाने बोर्डात नंबर काढल्यासारखा सांगतात. जावयाने तो पहिल्याच जेवणावर सांगितला. ह्यांनी ऐकून घेतला. मग आमटी वाढून घेत म्हणाले, "सातत्य आहे. जोर नाही."

"बाबा, सव्वादोन हजार म्हणजे युरोपात खूप समजतात."

"कोयनानगरला पाच हजार. महाबळेश्वरला त्याहून जास्त. तिथला जुलै एकटा तुमचं वर्ष भरून काढेल."

जावयाने मग बर्गनचा तो प्रसिद्ध विनोद सांगितला. एक पाहुणा रस्त्यातल्या मुलाला विचारतो, बाळ, इथे नेहमीच पाऊस पडतो का? मुलगा म्हणतो, मला काय माहीत, मी फक्त तेरा वर्षांचा आहे. आम्ही सगळे हसलो. हे म्हणाले, "तेरा वर्षांची आकडेवारी पुरत नाही, बरोबर आहे. निदान तीस लागतात."

चिपळूणच्या माणसाने पावसाची थट्टा जपून करावी, हेही मला कळतं. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा ह्यांनी मिलिमीटर काढले नव्हते, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या होत्या. बर्गनचा पाऊस तसला नाही. तो घरात शिरत नाही. तो नुसता तुमच्याबरोबर राहायला येतो.

कपड्यांची यादी जावयाने आधीच पाठवली होती. हवा वाईट नसते, माणसाचे कपडे चुकीचे असतात, यावर त्या देशाचं एकमत आहे. मी पंजाबी ड्रेसवर लोकर, लोकरीवर कोट, कोटावर रेनकोट आणि त्याखाली रबरी विजार असा थर देऊन उभी राहिले तेव्हा मला वाकून स्वतःचे बूट दिसेनात. ह्यांनी मात्र रेनकोट नाकारला. ह्यांच्याकडे लाकडी मुठीची काळी छत्री होती, अलोऱ्याचे कित्येक पावसाळे काढलेली. बंदराच्या कोपऱ्यावर वळलो आणि समुद्राकडून एक झोत आला. बर्गनचा पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. छत्री उलटी झाली, सुलटी झाली आणि मग नुसती मूठ ह्यांच्या हातात राहिली. जवळच कचऱ्याचा डबा होता आणि त्यात पाच-सहा छत्र्यांचे सांगाडे काड्या वर करून आधीच पडले होते. ह्यांनी आपली त्यात ठेवली. टाकली नाही, ठेवली. त्या डब्यापाशी क्षणभर टोपी काढून उभे राहिले, तेवढ्यात टोपी गेली.

संध्याकाळी लेकीने दोघांच्या कोटांना चकाकणाऱ्या पट्ट्या लटकवल्या. अंधारात गाडीचा दिवा पडला की त्या लखलखतात. तिथे लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे त्या लावून हिंडतात. ह्यांना लटकन पसंत पडलं नाही म्हणून जावयाने स्वतःचं पिवळं जाकीट दिलं. ते घालून हे फुटपाथच्या कडेला उभे राहून गटाराचा उतार बघत होते, तेव्हा येणाऱ्या दोन गाड्यांनी रस्त्याचं काम चालू असावं असं समजून वेग कमी केला. ह्यांनी त्यांना हाताने पुढे जायची परवानगी दिली.

नातवाला मात्र हवामानाशी देणंघेणं नव्हतं. तिथल्या बालवाड्या पोरांना रोज बाहेर नेतात. पाऊस, गारा, वारा, काहीही असो. डोक्यापासून पायापर्यंत रबरात बंद केलेली ती पोरं डबक्यात बसतात. उडी मारत नाहीत, बसतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा "अगं बाई, भिजला, उचला!" म्हणून धावले, तर नातू डबक्यातूनच म्हणाला, "आजी, हा पाऊस नाहीये. हे नुसतं ओलं आहे."

रात्री खिडकीतून बघितलं की शहर खरंच सुंदर दिसायचं. कुणी पडदे ओढत नाही. प्रत्येक खिडकीत एक दिवा. नाताळाआधीचे चार रविवार जवळ आले की त्याच्या जोडीला कागदी चांदण्या आणि सात मेणबत्त्यांच्या आकाराचे विजेचे दिवे. घरात कुणी नसलं तरी दिवा चालू. अलोऱ्याला खोलीतून बाहेर पडताना बटण बंद केलं नाही तर ह्यांची हाक यायची, "वीज काय आकाशातून पडते का?" इथे हे काचेला नाक लावून बघत उभे होते आणि माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाचा मोठा वैचारिक गोंधळ झाला आहे. कारण नॉर्वेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज पाण्यावरची. इथे वीज खरोखरच आकाशातून पडते. आठवडाभर आपल्या मानेत शिरणारा तो पाऊस वर डोंगरांतल्या तळ्यांत साठतो, बोगद्यातून उतरतो, टर्बाइन फिरवतो आणि या खिडकीत येऊन बसतो. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपण एवढं भिजतो ते वाया जात नाही."

त्यानंतर ह्यांना दिवे दिसेनासे झाले. रस्त्यावरची रोषणाई बघून मी "अहो, किती छान!" म्हणावं आणि ह्यांनी मनात घनमीटर काढावेत.

पण मग रात्री अकराला लेकीने कपडे धुवायचं यंत्र लावलं. म्हटलं, इतक्या उशिरा? तर विजेचा दर तासातासाला बदलतो. ती मोबाईलवर बघून स्वस्त तासाला कपडे धुते, जावई स्वस्त तासाला गाडी चार्ज करतो. महाग तासाला दोघं एकमेकांना "अंघोळ आत्ता कशाला?" असं विचारतात. ह्यांनी मोबाईल हातात घेतला. आलेख बघितला. "बाहेर पाऊस पडतोय," हे म्हणाले. "धरणं भरतायत. आणि दर चढतोय?"

जावयाने समजावलं. २०२१ साली समुद्राखालून एक तार जर्मनीला जोडली, एक इंग्लंडला. वीज तिकडे जाते, इकडे येते, बाजार एक झाला. तिकडे महाग झाली की दक्षिण नॉर्वेतही महाग होते.

"पाणी तुमचं, डोंगर तुमचे, बोगदे तुमचे," हे मोबाईल ठेवत म्हणाले, "आणि दर जर्मनीचा?" त्या रात्री ह्यांना झोप लागली नाही. दुसऱ्याच्या देशाच्या वीजदराने झोप उडालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

ब्रिगनला आम्ही दोनदा गेलो. एकदा पावसात आणि एकदा आणखी पावसात. बंदराकाठची ती लाल-पिवळ्या लाकडी घरांची ओळ १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि नॉर्वेच्या प्रत्येक दिनदर्शिकेत. चौदाव्या शतकापासून जर्मन व्यापाऱ्यांची कोठी इथे होती. उत्तरेकडून सुका कॉड यायचा, युरोपभर जायचा, बदल्यात धान्य यायचं. घरं एकमेकांना खेटून, मधल्या बोळांत फळ्या, फळ्यांखाली पाणी. सगळं लाकूड, म्हणून त्या घरांत विस्तव पेटवायला बंदी. दिवासुद्धा नाही. हिवाळ्यात सकाळी सव्वानऊपर्यंत आणि दुपारी पावणेचारनंतर ही माणसं काळोखात, थंडीत, सुक्या मासळीच्या वासात. जेवायला आणि शेकायला मागे वेगळ्या बैठकीच्या खोल्या होत्या, विस्तव तेवढा तिथेच. शिवाय कोठीतल्या लोकांना लग्न करायला मनाई. म्हणजे बायको नाही, दिवा नाही, आणि रोज मासा. ह्यांनी ती माहिती शेवटपर्यंत वाचली आणि "तरी टिकले की चारशे वर्षं," एवढंच म्हणाले. मी काही बोलले नाही. घरी जाऊन बोलले.

एवढी काळजी घेऊनही गाव जळायचं ते जळलंच. १७०२ साली ब्रिगन जळून गेलं, आज दिसतात ती घरं त्यानंतरची. १९१६ च्या जानेवारीत पुन्हा शहराचा मधला भाग गेला, शेकडो इमारती. आगीला इतकं भ्यालेलं गाव वर्षातून एकदा हजारो माणसांच्या हातात पेटत्या मशाली देतं, हे मला त्या भोंग्याच्या प्रसंगानंतर विशेष वाटलं. माझ्या एका उदबत्तीचं मेलं ते केवढं कौतुक!

बिस्किटांचं गाव १९९१ पासून भरतं. शाळा, बालवाड्या, कचेऱ्या, घरची माणसं, सगळे आपापली घरं भाजून आणून देतात. हजारांनी घरं जमतात आणि हे जगातलं सर्वांत मोठं बिस्किटांचं गाव असल्याचं बर्गनकर सांगतात. आत पाऊल टाकलं आणि मला एकदम भूक लागली. दालचिनी, लवंग, आलं. मसाल्याचा असा वास सुटलाय आणि खायला काही मिळणार नाही, हा अनुभव आपल्याकडे फक्त दुसऱ्याच्या लग्नाच्या मांडवामागे येतो. डोंगर, बंदर, जहाजं, चर्च, आगगाड्या, सगळं तपकिरी, आणि साखरेचं बर्फ. बर्गनमध्ये नोव्हेंबरात हमखास बर्फ बघायचं असेल तर ते इथेच. एका घराची खिडकी मी अगदी जवळून बघितली. साखरेची गोळी वितळवून लालसर काच केली होती, आत तांदळाएवढा दिवा. काचेत एक बुडबुडा अडकला होता आणि भिंतीवर कुणाच्या तरी छोट्या बोटाचा ठसा तसाच भाजला गेला होता.

२००९ साली गाव लोकांसाठी उघडायला थोडे दिवस राहिले असताना कुणीतरी रात्री आत शिरून ते सगळं मोडून टाकलं होतं. शहरभर हळहळ झाली, मग लोकांनी ओव्हन पेटवले आणि गाव पुन्हा उभं केलं. हे ऐकून चिपळूणकर म्हणून मला जरा असूया वाटली. पंचनामा नाही, तलाठी नाही, सातबारा नाही, जागा तीच, घर तसंच.

आता नातवाचं घर शोधायचं. "लाल खिडकीचं," तो म्हणाला. लाल खिडक्यांची तीनेकशे घरं होती. "छपरावर गोळ्या." सगळ्यांच्याच छपरावर गोळ्या. आम्ही गल्लीगल्लीने फिरलो. हे मध्येच खाली बसून टेबलाच्या कापडाखाली डोकावायला लागले, कारण एवढ्या दिव्यांच्या वायरी कुठून नेल्यात ते ह्यांना बघायचं होतं. तिथली मुलगी धावत आली. पिवळ्या जाकिटातला माणूस बघून थबकली आणि अदबीने विचारती झाली की काही बिघाड झालाय का. ह्यांनी "सगळं ठीक आहे" असा शेरा दिला. ती "थँक यू" म्हणून गेली.

अखेर नातू एका घरापुढे थांबला. घराभोवती आगगाडी फिरत होती, अंगणात कुत्रा होता, धुराड्यातून कापूस निघत होता. लेकीने फोटो काढले. मी दृष्ट काढली. हे म्हणाले, "छपराचा उतार बरोबर ठेवलाय, पाणी साठणार नाही." मग नातू म्हणाला, "हे माझं नाहीये. पण हे मला जास्त आवडलं."

फ्लोयबाननची तारगाडी १९१८ पासून लोकांना तीनशे वीस मीटर वर नेते. वरून शहराचे दिवे अप्रतिम दिसतात, असं तिथल्या फोटोंवरून कळलं. आम्हाला ढग दिसला. आतून.

शनिवारी सकाळपासून पाऊस होता. मी दोनदा विचारलं की कार्यक्रम रद्द झालाय का कळेल कसं. लेक-जावयाला प्रश्नच समजला नाही. दुपारी अंधार पडल्यावर घराघरांतून माणसं निघाली. रबरी विजारी, लोकरी टोप्या, बाबागाड्यांवर प्लास्टिकची छपरं, खांद्यावर पोरं. शहराच्या मधोमध आठ कोनांचं तळं आहे, त्याच्या काठाकाठाने सगळे उभे राहिले. कुणी ढकलत नव्हतं. माझाच एका बाईला धक्का लागला, तर माफी तिने मागितली. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी पुन्हा एकदा धक्का लागू नये म्हणून हलायचं सोडून दिलं.

मशाली पेटल्या. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, शेजारचा माणूस न बोलता आपली पुढे करतो, तुम्ही आपली टेकवता. माझ्या मशालीवर पावसाचे थेंब पडत होते आणि प्रत्येक थेंबाला बारीक चुर्र असा आवाज होत होता, पण ती विझत नव्हती. मेण ओघळून हातमोज्यावर येत होतं. "पॅराफिन," हे म्हणाले आणि वास घेऊन खात्री करून घेतली. तळ्याच्या चारी बाजूंनी ज्योती, पाण्यात त्यांच्या लांबलचक रेघा, त्या रेघांवर पावसाची टोचणी. मंचावर मुलं गात होती. मोठ्या झाडावरचे दिवे लागले तेव्हा गर्दीतून एक हलकासा आवाज निघाला. नातू खांद्यावरून म्हणाला, "आजी, रडतेस?" म्हटलं, पाऊस आहे रे. तो म्हणाला, "हो, नुसतं ओलं आहे."

आणि ह्याच वेळी आमचे हे शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलले.

हे किती मोठं धाडस होतं ते नॉर्वेत राहिलेल्यांनाच कळेल. तिथे बसथांब्यावरसुद्धा माणसं एकमेकांपासून दोन-दोन हात सोडून उभी राहतात. अनोळखी माणसाशी उगाच बोलणं म्हणजे काहीतरी विकायचं असणार किंवा तब्येत बिघडली असणार. तो गृहस्थ ह्यांच्याच वयाचा, उंच, पांढऱ्या भुवयांतून पाणी ठिबकत असलेला, मशाल सरळ धरून समोर बघत होता. हे त्याच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "तुम्हाला युनिटला काय पडतं?"

मी डोळे मिटले. जावई दुसरीकडे बघायला लागला.

म्हाताऱ्याने मान वळवली. ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. जाकीट बघितलं. मग जे सुरू झालं ते थांबेना. दर तर सांगितलाच, गेल्या वर्षीचा सांगितला, त्याआधीचा सांगितला. जर्मनीची तार, इंग्लंडची तार, मंत्री, खासदार. वर त्याच देशात उत्तरेकडे वीज स्वस्त, कारण ती दक्षिणेला आणायला मधल्या तारा पुरत नाहीत, हे सांगताना त्याची मशाल एवढी हलली की मी नातवाला मागे घेतलं. "आमचा पाऊस," तो म्हणाला, "आमच्याच डोक्यावर पडतो आणि आम्हालाच विकतात!" ह्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. दोन्ही मशाली एकमेकींना टेकल्या. इतक्या दिवसांत हे एवढे खूश मी बघितले नव्हते, आणि बहुधा तोही.

आतषबाजी सुरू झाली. ढग इतके खाली होते की बाण त्यांत शिरून फुटत होते. आवाज यायचा आणि मग अख्खा ढग आतून हिरवा व्हायचा, लाल व्हायचा. पोरं ढगाला टाळ्या देत होती. हे दोघं पाठ करून उभे. म्हाताऱ्याने आता अभिमानाने पावसाचा आकडा काढला होता.

"सव्वादोन हजार मिलिमीटर," तो म्हणाला.

ह्यांनी योग्य तेवढा वेळ जाऊ दिला. "आमच्याकडे महाबळेश्वर म्हणून गाव आहे. साडेपाच-सहा हजार."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. खरंच पडला. मला त्याची दया आली. उभ्या जन्मात त्याच्या पावसाला असं कुणी बोललं नसणार. त्याने खात्री करून घेतली, "सेंटिमीटर नव्हे, मिलिमीटरच ना?" ह्यांनी मान हलवली. तो थोडा वेळ मशालीकडे बघत राहिला. मग त्याला काहीतरी सुचलं.

"किती दिवसांत?"

"चार महिने."

"फक्त चार?" म्हातारा पुन्हा सरळ झाला. "मग बाकीचे आठ महिने काय करता?"

"ऊन असतं," हे जरा ओशाळून म्हणाले.

तो समजूतदारपणे हसला. मग खिशातून ओला कागद आणि पेन्सिल काढून त्याने गावाचं नाव लिहून मागितलं. कधी यावं, असं विचारलं. ह्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की जुलैत येऊ नका. जुलैत तिथे काही दिसत नाही. दरी दिसत नाही, रस्ता दिसत नाही, समोरचा माणूस दिसत नाही. दिवस-रात्र पाऊस आणि धुकं, कपडे वाळत नाहीत, बऱ्याच हॉटेलांना टाळं.

म्हाताऱ्याने कागदावर मोठ्या अक्षरात 'जुलै' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.